तिला सगळ्यांच्या आधी कळलं

मी जेवत असताना समोर बसून कुणी माझ्या ताटात बघायला लागलं, की मी अजूनही फटकन म्हणते, "काय बघायचंय ते एकदाचं बघून घ्या आणि मला सुखानं जेवू द्या." सुना हसतात. त्यांना वाटतं, म्हातारी झाली, चिडचिड करायचीच. वयाचा काडीचा संबंध नाही. ही चिडचिड मी तारापूरहून आणलेली आहे आणि ती ज्या बाईमुळे लागली, ती माझी घरमालकीण होती.

साठ ते सत्तरच्या मधली वर्षं. ट्रेनिंग संपवून मी नुकती मास्तरीण झाले होते. घर साताऱ्याकडं आणि ऑर्डर आली तारापूरच्या शाळेची. वडिलांनी नकाशा काढून बघितला आणि म्हणाले, "हे तर गुजरातच्या तोंडाशी आहे गं." बोईसरला उतरले तर स्टेशनाबाहेर मालट्रकांची रांग, हिंदी बोलणारे मजूर आणि जिकडेतिकडे सिमेंटची धूळ. किनाऱ्यावर मोठं बांधकाम निघालं होतं, त्यामुळे पंचक्रोशीत भाड्याची खोली मिळेना. शेवटी शाळेच्या शिपायानं मला मांगेलआळीत नेलं. मांगेले म्हणजे तिथले मासेमारी करणारे लोक. एका घराच्या ओट्यावर एक उंच, काळी, रुंद हाडाची विधवा बाई सुकट निवडत बसली होती. तिनं मला डोक्यापासून पायापर्यंत न्याहाळलं आणि एकच प्रश्न विचारला.

"मासं खातेस काय?"

"खाते की," मी म्हणाले. साफ खोटं. आमच्याकडं मटण चालायचं, पण मासा म्हणजे यात्रेला कधीतरी नदीतला, तोही चुलत्यांनी हौसेनं आणला तर.

"मंग रा," ती म्हणाली. मागच्या पडवीतली खोली मला मिळाली, दोन्ही वेळच्या जेवणासकट.

तिला सगळी आळी मावशी म्हणायची, मीही म्हणू लागले. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट खोचलेलं, दात मिश्रीनं काळे, कानात सोन्याच्या जाड कुड्या. नवरा गेल्यावर बायकांनी कुड्या काढायला सांगितल्या, तर म्हणे, "कान माजे हायत, त्याचे नवते." तोंडाला हा असा फटकळपणा. आणि अरे-तुरे सगळ्यांना, मग तो तलाठी असो नाहीतर देव.

पण तिची खरी खोड जेवणाच्या वेळी दिसायची. दिवेलागणीला ती मला ताट वाढायची, आणि मग समोर बसायची. एक गुडघा वर, गुडघ्यावर हनुवटी, नजर माझ्या ताटात. बोलणं नाही, हलणं नाही. मी घास घेतला की तिचे डोळे घासाबरोबर वर, घास गेला की परत ताटात. ताट उचलायच्या आधी कडेला लावलेले काटे ती बोटानं उलटेपालटे करून बघायची. मला तर शिसारीच आली पहिल्या दिवशी.

तिचं शास्त्र असं होतं. ज्याचं चित्त ठिकाणावर, त्याचा काटा कोरा. चित्त जरा ढळलं की काट्याला मांस राहतं. आणखी ढळलं की काटा घशात. "काटा घशात गेल्यावर सगल्यांनाच कलतं," ती म्हणायची. "काट्याला मांस राहिलं, तवाच कलायला पायजे. तवा माणूस आवरता येतो."

आता मी घाटावरची. माझ्या ताटात पहिल्या आठवड्यात काट्याला मांस नव्हे, अख्खा मासाच राहत होता. तिनं दोन दिवस बघितलं, तिसऱ्या दिवशी निदान केलं: या पोरीचं लग्न मोडलेलं आहे. मला सांगितलं नाही, आळीला सांगितलं. संध्याकाळी शाळेतून आले तर ओट्यावर पाचसहा बायका. एकीनं माझा हात हातात घेतला, दुसरी म्हणाली, "जाऊ दे बाय, मेल्याला तुजी कदर नवती." कोण मेला, कसली कदर, मला काही उमगेना. उमगलं तेव्हा मी असा काही आरडाओरडा केला, की बायका पदर तोंडात धरून पळाल्या. मावशी मात्र ढिम्म. "लगीन नाय मोडलं? मंग मासं कसं खात नाय?" मी म्हणाले, "येत नाही मला खाता, समजलं? येत नाही!" तेव्हा ती पहिल्यांदा हसली, आणि त्याच रात्रीपासून मला मासा खायला शिकवायला बसली. आधी बोय, मग काटी, आणि सगळ्यांत शेवटी पाला. पाला म्हणजे मासा कसला, काट्यांची मोळी. पण चव अशी, की आजही नुसत्या आठवणीनं तोंडाला पाणी सुटतं.

तिचं निदान दर वेळी खरं ठरायचं असं मुळीच नाही. आमच्या हेडमास्तरांना मी एकदा जेवायला बोलावलं. सर घाईघाईनं जेवले. मावशीनं त्यांचे काटे चाळवले आणि सरळ तोंडावर सांगितलं, "मास्तर, घरी जा न् बायकोशी बोल. तिनं बोलणं टाकलंय तुज्याशी." सरांना असा ठसका लागला की मला त्यांच्या पाठीवर थोपटावं लागलं. खरं काय होतं ते आम्हाला कधी कळलं नाही. पण त्यानंतर सर आमच्या आळीतून जायचे बंद झाले. लांबचा वळसा घालून शाळेत यायचे, आणि मला रजा मागायची चोरी झाली.

माझ्या बाबतीत मात्र एकदा तिनं बरोबर ओळखलं. दुसऱ्या वर्षी मी सकाळी शिकवण्या, दिवसभर शाळा, संध्याकाळी कुंभवलीला बायकांचा वर्ग असं सगळं अंगावर घेतलं होतं. तरुणपणी वाटतं ना, आपल्यावाचून जग अडलंय. मी उभ्या उभ्या चहा प्यायचे आणि चालता चालता वह्या तपासायचे. मावशी आठवडाभर ताटाकडं बघून च्यक् च्यक् करत होती. "बाय, मांस राहतंय." मी म्हणायचे, "राहू द्या." आणि एका संध्याकाळी पाल्याचा काटा घशात असा रुतला, की डोळ्यांतून पाणी. तिनं कोरड्या भाताचा गोळा माझ्या तोंडात कोंबला, पाठीत धपाटा घातला, काटा गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी उठायच्या आत ही बया शाळेत जाऊन सांगून आली, "बाय आज नाय येनार. उद्या पन नाय."

मी भयंकर तापले. तोंडाला येईल ते बोलले. "तुम्हाला काय पडलंय हो माझ्या ताटाचं? तुम्ही कोण माझ्या?"

ती उंबऱ्यावर बसली. तिथं बसून ती जे बोलली, ते इतकी वर्षं मी मनात बाळगून आहे.

तिचा नवरा तांडेल होता, म्हणजे बोटीचा मुख्य. एकुलती एक मुलगी. पावसाळ्याआधी आतल्या गावांतले शेतकरी सुक्या मासळीची बेगमी करायला येतात, त्यांत मासवणचा एक पोरगा यायचा. मुलगी त्याच्याबरोबर गेली. जातीचा नाही, दर्याचा नाही, भातशेतीवाला. मावशीनं आकाशपाताळ एक केलं, पण नवरा काही बोलला नाही. त्याची लाडकी होती ती. तो नुसता गप्प झाला.

"तो जेवायचा न् काट्याला मांस राहायचं," मावशी म्हणाली. "तांडेलाच्या काट्याला मांस! मना दिसत होतं. रोज दिसत होतं. मी बोलले नाय. मनात म्हटलं, कुडू दे. पोरीला लाडावून ठेवलीस ना, आता कुड. एक डाव म्हणायचं होतं, आज नको जाऊ, घरी रा. नाय म्हटलं."

एका सकाळी दर्या शांत असताना, वारा नाही लाट नाही, तो बोटीवरून पाण्यात पडला. जन्म पाण्यावर काढलेला माणूस. बोटीवरच्यांना तो सापडला तेव्हा जीव उरला नव्हता.

मुलगी बातमी ऐकून मासवणहून धावत आली. मावशीनं तिला दारातच अडवलं आणि साऱ्या आळीदेखत म्हणाली, "बापाला खाल्लास तू. आता काय राहिलंय खायला?" मुलगी बापाचं तोंडही न बघता मागे फिरली. तेव्हापासून मायलेकींचं येणं-जाणं बंद.

"तिनं नाय खाल्ला," मावशी मला म्हणाली. "मना दिसत होतं न् मी गप बसले. तिला सांगायचं हाय मना हे."

"मग सांगा की. मासवण काय विलायतेत आहे?"

"जाईन. पाऊस सरू दे."

पाऊस सरला, मग दर्या सुरू झाला, मग मासळी सुकवायचे दिवस आले, मग होळी, मग आणखी काही. दुसऱ्यांच्या ताटातलं मांस बघून आळी डोक्यावर घेणारी बाई, पण स्वतःचं हे एक काम तिच्याच्यानं होत नव्हतं. मी टोचून बघितलं, गोडीनं सांगून बघितलं. उपयोग शून्य.

पुढच्या वर्षी थंडी पडायला लागली होती तेव्हाची गोष्ट. बोटी भरून बोंबील येत होते. किनाऱ्यावर बांबू रोवून त्यांना आडव्या दोऱ्या बांधतात, त्या मांडणीला वलांडी म्हणतात. ओला बोंबील घ्यायचा, त्याचा जबडा दुसऱ्या बोंबलाच्या जबड्यात अडकवायचा, आणि ती जोडी दोरीवर टाकायची, एक इकडे, एक तिकडे. बोंबलाचे बारीक दात एकमेकांत रुततात आणि कितीही वारा सुटला तरी जोडी सुटत नाही. आळीतल्या लहान पोरीही खेळता खेळता हे करतात. मावशी तर शिव्या देत, गप्पा हाणत, मागं वळून कुणाशी भांडत करायची. हाताकडं बघायची गरजच नसे.

त्या सकाळी मी शाळेत निघाले होते. तिच्या दोरीखालच्या वाळूत बोंबील पडलेले दिसले. एक जोडी पडली, मग दुसरी. बायका खिदळायला लागल्या. "मावशे, तुजे बोंबील दर्यात परत चालले गो!" एरवी तिनं दोन सणसणीत शिव्या हासडल्या असत्या. त्या दिवशी ती खाली वाकली, एक बोंबील उचलला, वाळू झटकली, आणि हातात धरून त्याच्याकडं नुसती बघत राहिली. ती घाबरली होती. तिला घाबरलेली मी पहिल्यांदाच बघत होते.

दुपारी घरी आले तर ती माझ्या खोलीत, माझ्या खाटेवर बसलेली.

"बाय, माजं काय तरी चाललंय."

"दमला असाल. नजर कमी झाली असेल. पालघरला जाऊन चष्मा करून आणू."

"डोले बरे हायत. हात पन बरे हायत. हाताला काय करायचं तेच आठवंना. जबडा जबड्यात घालायचा का दोरीला बांदायचा, तेच सुचंना." मग तिनं एकेक सांगितलं. बोईसरच्या बाजारात गेली आणि नाक्यावर उभी राहिली, घर कुठल्या अंगाला ते कळेना, म्हणून पाणी प्यायचं निमित्त करून एका दुकानात बसून राहिली. शेजारणीचं नाव जिभेवर येत नाही, म्हणून हल्ली सगळ्यांनाच "गो बाय" म्हणते. हे सगळं तिनं कुणाला कळू न देता महिनोन्‌महिने झाकलं होतं, पण बघत होती. स्वतःला बघत होती, जशी आम्हाला बघायची.

पालघरच्या डॉक्टरांनी तपासलं, ताकदीचं औषध दिलं, म्हणाले वयानं होतं असं. तिचं वय तरी काय होतं हो? आळीतल्या बायकांनी तर थट्टाच चालवली. मावशीला काय झालंय, धडधाकट तर आहे, दोन टोपल्या डोक्यावर घेऊन चालते. आणि ते खरंच होतं. बघणाऱ्याला काही म्हणजे काही दिसत नव्हतं.

"आता पोरीला भेटायचं," मावशी म्हणाली. "आदी ते. ती वलखू येते तवर."

आम्ही दोघी गेलो. तिनं ठेवणीतलं लुगडं नेसलं, टोपलीत निवडक बोंबील आणि सोडे घेतले. पालघरहून एस्टी धरली. मासवणला सूर्या नदीच्या अंगाला त्यांचं घर, शेणानं सारवलेलं अंगण, दारात भाताचा पेंढा. आम्ही आवारात शिरलो तेव्हा मागच्या बाजूला एक बाई हंडा घेऊन उभी होती. उंच, रुंद हाडाची. तिनं आम्हाला बघितलं, हंडा खाली ठेवला, आणि घराला वळसा घालून निघून गेली.

जावई साधा माणूस. "या आई," म्हणून ओट्यावर घोंगडी अंथरली, गुळाचा चहा दिला. बायकोला शोधायला गेला, एकटाच परत आला. "शेतावर गेली असंल. येईल." आम्ही बसलो. ऊन ओट्यावरून खाली उतरलं. तो बिचारा तीनदा जाऊन आला. शेवटी खाली मान घालून म्हणाला, "आई, काय निरोप असला तर सांगा. मी तिच्या कानावर घालतो."

"नाय," मावशी म्हणाली. "ते तिला मीच सांगनार. दुसऱ्याच्या हाती द्यायचं नाय ते."

टोपली तिथंच ठेवून आम्ही शेवटची एस्टी गाठली. गाडीत ती खिडकीला डोकं टेकून बसली होती. पालघर आल्यावर म्हणाली, "माजीच पोरगी ती. आता मी तरी काय बोलू?" खाण तशी माती, दुसरं काय. मला दोघींचाही राग आला होता आणि रडूही येत होतं.

त्यानंतर तिनं एक करायला घेतलं. घर झाडताना, पाणी शेंदताना, चुलीपुढं बसून, ती एकच गोष्ट स्वतःशी म्हणायची. "तू बापाला नाय घालवलास. मना दिसत होतं, मी गप बसले. मी घालवला." मुलगी येईपर्यंत हे डोक्यातून जाऊ नये, म्हणून. पोरं पाढे घोकतात तसं. सुरुवातीला कानात बोळे घालावेत असं वाटायचं. मग सवय झाली. मग ती एखाद्या दिवशी घोकायची विसरली की मीच म्हणायचे, "मावशी, ते झालं का म्हणून?"

बाकीचं मात्र भराभर जायला लागलं. आधी मिठाचा अंदाज गेला, मग वार गेले, मग माणसं. वलांडीवर बायका तिला प्रेमानं खालची दोरी द्यायच्या, आणि ती पाठमोरी झाली की तिच्या जोड्या परत अडकवायच्या. आता थट्टा कुणी करत नव्हतं. एका संध्याकाळी तिनं मला ताट वाढलं, समोर बसली, गुडघा वर घेतला, आणि भिंतीकडं बघायला लागली. मी मुद्दाम भरपूर मांस ठेवून काटा कडेला टाकला. म्हटलं, बघेल, करवादेल, चार शब्द सुनावेल. तिनं बघितलंच नाही. "मावशी, बघा ना," मी म्हणाले. ती म्हणाली, "काय गो?" मी ताटावरून उठले, मागच्या अंगणात गेले आणि ढसाढसा रडले.

मग मात्र मी कुणाला न विचारता एकटीच मासवणला गेले. या वेळी मुलगी पळाली नाही. ती खळ्यात उभी होती, हातात सुपली.

"तुमची आई विसरायला लागली आहे," मी म्हणाले. "सगळं विसरतेय. तिला तुम्हाला काहीतरी सांगायचंय. लवकर चला."

"इसरंल?" ती म्हणाली. आवाजही तोच, जाडाभरडा. "ती इसरंल, बाई. ती काय बोलली ते मी कशी इसरू? मना बापाचं तोंड बगू दिलं नाय तिनं."

माझ्यानं राहवेना. मी म्हणाले, "अहो, तिला काय सांगायचंय ते मला ठाऊक आहे. ते असं..."

तिनं सुपली वर धरली, माझ्या तोंडासमोर. "नको. तुमच्या तोंडून नको. तिनं बोललेलं तिच्याच तोंडून उतरायला पायजे." आणि मग सुपली खाली करत, मऊ होऊन म्हणाली, "आता भातं उभी हायत शेतात. टाकून येता येत नाय. कापणी झाली की येते. सांगा तिला. नक्की येते."

 उभं पीक टाकून कोण येतं. मी परत आले आणि मावशीला सांगितलं. त्या दिवशी तिला समजलं. तेव्हापासून ती दार लोटायची नाही, दिवसभर उघडं ठेवायची. पण कापणी व्हायला वेळ लागतो, आणि तिच्याकडं तो उरला नव्हता. तिला सगळ्यांच्या आधी कळलं होतं हो. तिनं वेळेत सांगितलं होतं. आमच्यातल्या कुणालाच तिची घाई कळली नाही.

मुलगी आली ती दिवाळीनंतर. डोक्यावर नव्या तांदळाची पाटी होती. आळीत शिरली तशा बायका आपापल्या दारात उभ्या राहिल्या. मी मावशीची वेणी घालत होते. मुलीनं पाटी उतरवली आणि आईच्या समोर जमिनीवर बसली. जवळून बघते तर तोच जबडा, तेच कपाळ.

मावशीनं तिच्याकडं बघितलं. कौतुकानं बघितलं, पाहुण्याकडं बघतात तसं.

"कोनाची गो तू? कुटनं आलीस?"

मुलगी पाटीतले तांदूळ हातानं सारखे करायला लागली. मीच म्हणाले, "मासवणहून आल्या, मावशी."

"मासवण?" ती एकदम सरळ बसली. वेणी माझ्या हातातून सुटली. तिनं मुलीचा हात पकडला, घट्ट. "तितं माजी पोरगी हाय. वलखतेस काय तिला? उंच हाय, तुज्यावानी."

"वलखते," मुलगी म्हणाली.

"मंग माजा एक निरोप ने. आजवर कोनाकडं दिला नाय मी. पन आता मना जायला जमंल असं वाटत नाय. तिला सांग, बापाला तिनं नाय घालवला. मना दिसत होतं त्याचं चित्त थाऱ्यावर नाय ते. मी गप बसले. रागानं गप बसले. मी घालवला त्याला. न् मी तिला दारातून हाकलली, ते सांग. चुकलं माजं. सांगशील?"

मुलीच्या डोळ्यांतून धारा लागल्या होत्या. "सांगते," ती म्हणाली. मग थांबून म्हणाली, "सांगते, मावशी."

"वाटेत इसरशील हां."

"नाय इसरनार."

"मंग ऊठ ना गो! बसलीस काय? एस्टी जाईल." तिनं मुलीला हातानं ढकललंच.

मुलगी खरंच उठली. ओट्यावरून उतरली, आळीच्या टोकापर्यंत गेली. मला वाटलं, ही आता परत येत नाही. मावशीला एकटी सोडून तिच्यामागं जाताही येईना. थोड्या वेळानं ती पदरानं तोंड पुसत परत आली आणि पुन्हा तिथंच, आईच्या गुडघ्याला गुडघा लावून बसली.

"सांगून आले, मावशी."

"येवड्यात?"

"एस्टी लगेच गावली."

"काय बोलली ती?"

मुलीनं माझ्याकडं बघितलं. 

"काय नाय बोलली," ती म्हणाली. "रडली."

"रडली?" मावशीनं मोठा श्वास सोडला. इतक्या महिन्यांत तिचा चेहरा असा सैल झालेला मी बघितला नव्हता. "रडली ना? मंग येईल ती."

तिनं मुलीला जरा बाजूला सरकायला सांगितलं, कारण तिच्यामुळे दार दिसत नव्हतं. मुलगी सरकली. आणि मावशी तिचा हात हातात तसाच धरून दाराकडं बघत बसली.